आदिवासी वारसा आणि गावचा कॅमेरा

(अकोले तालुक्याच्या आदिवासी भागातील शिक्षक, ग्रामसेवक आणि पंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दादासाहेब फाळके यांच्या चित्रपटकार्याची सुरुवात एका दाण्यापासून झाली, असे मी म्हटले तर आपणांस कदाचित नवल वाटेल. परंतु ती गोष्ट खरी आहे. त्र्यंबकेश्वर येथे १८७० साली जन्मलेले दादासाहेब १९१२ मध्ये विलायतेहून चित्रपटाची विद्या आणि यंत्रसामग्री घेऊन परतले. जवळ भांडवल नव्हते. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला आणि त्याच्या वाढीचे दररोज थोडे थोडे चित्रण केले. काही आठवड्यांची वाढ पडद्यावर काही क्षणांत दिसू लागली. 'अंकुराची वाढ' या नावाने ओळखली जाणारी ती लहानशी फिल्म पाहून भांडवल देणारा पुढे आला आणि १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला.

त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे लोटली. २०१९ साली फ्रान्समधील कान या शहरी एका लघुपट स्पर्धेत तीन मिनिटांच्या एका भारतीय फिल्मला तिसरे पारितोषिक मिळाले. अच्युतानंद द्विवेदी यांनी ती तयार केली होती आणि तिचा विषय पुन्हा बी हाच होता. ती आपल्या अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांच्यावर होती. शाळेची पायरी न चढलेल्या या महादेव कोळी समाजातील बाईंनी गावठी वाणांचे बियाणे जपले, ते दुसऱ्यांना दिले आणि त्यांनी ते पेरावे असा आग्रह धरला. पुढे २०२० साली त्यांना 'पद्मश्री' जाहीर झाली. त्यांचा गौरव आपणां सर्वांना ठाऊक आहे. आज मी त्यांच्यासंबंधी बोलणार नसून त्या तीन मिनिटांसंबंधी बोलणार आहे.

तीन मिनिटांत जगाला कळले की, सह्याद्रीत अशी एक बाई आहे. ही गोष्ट लहान नव्हे. परंतु कोंभाळण्यातल्या, एकदऱ्यातल्या किंवा आणखी कोणत्या वाडीतल्या मुलीला जेव्हा वालाचे बी राखायचे असेल, तेव्हा तिला निराळ्या गोष्टी लागतील. वेलावरची कोणती शेंग बियाण्यासाठी सोडायची, ती कधी काढायची, किती ऊन द्यायचे, राख किती आणि कोणत्या लाकडाची घ्यायची, मडक्याचे तोंड कशाने लिंपायचे, हे सारे सांगण्यास तीन मिनिटे पुरणार नाहीत. त्यासाठी तीन तास लागतील. किंबहुना एक पूर्ण हंगाम लागेल. जगाला दाखवायची फिल्म वेगळी आणि गावाने गावासाठी करायची फिल्म वेगळी. पहिली करण्यास बाहेरचे कुशल लोक येतात आणि येतील. दुसरी मात्र आपणांवाचून कोणीही करणार नाही. माझे आजचे सारे म्हणणे या दुसऱ्या फिल्मविषयी आहे.

काय जपावयाचे आहे?

आता अहिल्यानगर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आपल्या जिल्ह्यात अकोले तालुक्याचे स्थान वेगळे आहे. २०११ च्या जनगणनेनुसार तालुक्याची जवळजवळ निम्मी लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. महादेव कोळी आणि ठाकर हे येथील प्रमुख समाज. कळसूबाईच्या १,६४६ मीटर उंच शिखरापासून हरिश्चंद्रगडापर्यंत पसरलेल्या या डोंगराळ मुलखात त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जे ज्ञान साठवले, त्याचा फार थोडा भाग कागदावर उतरला आहे. इंग्रजी सत्तेविरुद्ध उठलेल्या आणि १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेलेल्या देवगावच्या राघोजी भांगरे यांचे नाव इतिहासात नोंदले गेले. परंतु त्यांची कथा वाड्यावाड्यांतून कशा शब्दांत सांगितली जाते, हे इतिहासाच्या पुस्तकात सापडत नाही.

वारसा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर प्रथम नाच उभा राहतो. पाहुणे आले की शाळेची मुले कांबड नाच करतात, टाळ्या पडतात आणि सांस्कृतिक कार्यक्रम पार पडतो. नाच हा वारसा आहेच. परंतु तेवढाच वारसा नव्हे. आश्विन वद्य द्वादशीला, म्हणजे वाघबारसेला, गुराखी वाघोबाच्या ठाण्यापाशी जमतात, खीर शिजवतात, कोठे कोठे एका मुलाला वाघ करून पळवतात. जंगलातल्या वाघाशी माणसाचे नाते कसे असावे, याचा एक विचार त्यात आहे. राब भाजण्यापासून आवणीपर्यंतची भातशेती, काळभातासारखी वाणे, नागली आणि वरईची उतारावरची पेरणी, पावसाच्या माऱ्यात टिकणारे डांगी जनावर निवडण्याची पारख, हिरड्याच्या झाडाची ओळख, इरले विणण्याची रीत, लग्नातली गाणी आणि त्यांचा क्रम, बोहाड्यातील सोंगे आणि ठराविक सोंगाचा मान ठराविक घराकडे का, याची कारणे हा सारा वारसाच आहे. यांतील पुष्कळशा गोष्टी हातांत आणि आवाजांत राहतात. हात थांबले, आवाज थांबला, की त्या संपतात.

या बाबतीत एक उदाहरण देतो. प्रवरेवरील भंडारदरा धरण १९२६ साली पूर्ण झाले. धरणापूर्वीचे खोरे, पाण्याखाली गेलेल्या जमिनी आणि वाटा ज्यांनी डोळ्यांनी पाहिल्या आणि ज्यांना त्या आठवत होत्या, असा माणूस आज हयात असणे जवळजवळ अशक्य आहे. ती आठवण गेली. त्याच खोऱ्याच्या माथ्यावर घाटघर येथे २००८ साली उदंचन जलविद्युत प्रकल्प कार्यान्वित झाला. त्यापूर्वीचे घाटघर पाहिलेली माणसे मात्र आज आपल्यात आहेत. त्यांच्यापैकी काहीजण कदाचित या सभेतही बसले असतील. पहिल्या बाबतीत आपण काही करू शकत नाही. दुसऱ्या बाबतीत करू शकतो. परंतु त्याला मुदत आहे.

शब्दांच्या जतनाचे काम महाराष्ट्रात झालेच नाही, असे मात्र नव्हे. डॉ. सरोजिनी बाबर यांनी राज्य लोकसाहित्य समितीच्या द्वारे लोकगीतांचे संग्रह काढले. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी खेडोपाडी हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आदिवासी समाजातूनच पुढे आलेले अभ्यासक डॉ. गोविंद गारे यांनी महादेव कोळी समाजावर लेखन केले. १९६२ पासून पुणे येथील आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था या क्षेत्रात कार्य करीत आहे. हे ऋण मोठे आहे. परंतु ओवी कागदावर उतरली तरी जात्याची घरघर, खुंट्यावरचे दोन हात आणि श्वास घेण्यासाठी मध्येच थांबलेला आवाज कागदावर उतरत नाही. तेथे चित्र आणि ध्वनी यांचे काम सुरू होते.

आपल्याच जिल्ह्याचा अनुभव

चित्रपट म्हणजे मुंबई, असा आपला समज असतो. नगर शहरातील न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स महाविद्यालयात संज्ञापनशास्त्राचे शिक्षण घेत असताना नागराज मंजुळे यांनी 'पिस्तुल्या' हा लघुपट तयार केला. शाळेत जाण्याची ओढ असलेल्या एका पारधी मुलाची ती कथा आहे. ५८ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत दिग्दर्शकाच्या पदार्पणाच्या लघुपटाचा पुरस्कार तिला मिळाला. पुढे त्यांच्या 'फँड्री' या चित्रपटाची कथा नगरजवळच्या अकोळनेर गावात घडते. श्रीगोंदे तालुक्यातील गव्हाणेवाडीच्या भाऊराव कऱ्हाडे यांनी मेंढपाळ कुटुंबाच्या भटकंतीवर 'ख्वाडा' काढला आणि तोही राष्ट्रीय पुरस्कारांत गौरवला गेला. ही सर्व कलाकृतींची उदाहरणे आहेत. जतनाच्या नोंदी म्हणून ती तयार झाली नाहीत. तरीही त्यांवरून एवढे निश्चित सिद्ध होते की, कॅमेरा हाताळण्याची विद्या या जिल्ह्यात शिकता येते आणि येथील बोली व येथील माणसे पडद्यावर परकी वाटत नाहीत.

याउलट, १९७७ च्या सुमारास पडद्यावर आलेला 'जैत रे जैत' आठवा. गो. नी. दांडेकर यांच्या कादंबरीवर डॉ. जब्बार पटेल यांनी काढलेल्या या चित्रपटाने ठाकर समाजाचे जीवन मराठी प्रेक्षकांपुढे आणले. त्याची गाणी आजही घरोघरी गायली जातात. त्याचे मोल कोणी कमी लेखू नये. परंतु तो ठाकरांविषयीचा चित्रपट होता; ठाकरांनी केलेला नव्हता. या दोहोंतील अंतर ध्यानात घेतल्याखेरीज आपला विषय पुढे जाणार नाही.

पडदा गावाकडे वळतो तेव्हा

हे अंतर इतरत्र कसे कापले गेले, ते पाहू. गुजरातच्या खेडा जिल्ह्यात पीज येथे १९७५ साली एक लहानसे दूरचित्रवाणी प्रक्षेपण केंद्र सुरू झाले. अवकाश संशोधन क्षेत्रातील शास्त्रज्ञांनी ते उभारण्यास साह्य केले. मात्र कार्यक्रमांतील बोली चरोतरची, प्रश्न खेड्यांचे आणि पुष्कळदा पात्रेही खेड्यातलीच होती. शेतमजुरी, अस्पृश्यता, सावकारी यांवर लोकांनीच बोलावे, असा तो प्रयोग होता. झारखंडमध्ये बिजू टोप्पो या आदिवासी दिग्दर्शकाने मेघनाथ यांच्यासमवेत आपल्या माणसांच्या प्रश्नांवर माहितीपट तयार केले, त्यांना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाले.

कॅनडाच्या उत्तर टोकाजवळील इग्लूलिक या इन्युइट लोकांच्या वस्तीची गोष्ट पंचायत सदस्यांनी विशेष लक्षात ठेवावी अशी आहे. १९७५ साली त्या गावापुढे दूरचित्रवाणी घ्यावी की नाही, असा प्रश्न आला. त्यावर त्यांच्या भाषेत एकही कार्यक्रम नव्हता. गावाने मत घेतले आणि नकार दिला. पुढे पुन्हा एकदा मत घेतले आणि पुन्हा नकार दिला. आपल्या भाषेतले कार्यक्रम तयार होऊ लागल्यानंतरच त्यांनी दूरचित्रवाणीला होकार दिला. त्याच गावच्या झकारियास कुनुक या शिल्पकाराने दगडातली कोरीव शिल्पे विकून १९८१ साली कॅमेरा विकत घेतला. वीस वर्षांनी, २००१ मध्ये, त्याने आपल्या भाषेतील जुन्या दंतकथेवर काढलेल्या 'अतानारजुआत' या चित्रपटाला कान महोत्सवात पदार्पणाच्या चित्रपटाचे पारितोषिक मिळाले.

ब्राझीलमध्ये व्हिन्सेंट कारेली यांनी १९८७ च्या सुमारास नंबिक्वारा आदिवासींच्या एका विधीचे चित्रण केले आणि ते लगेच त्यांनाच दाखवले. स्वतःला पडद्यावर पाहून ते लोक नाराज झाले. हे आपले खरे रूप नव्हे, असे त्यांना वाटले. त्यांनी तो विधी पुन्हा, जुन्या पद्धतीने, अंगावर रंग रेखून केला; इतकेच नव्हे, तर सुमारे वीस वर्षे बंद पडलेली तरुणांच्या ओठ-नाक टोचण्याची प्रथाही पुन्हा सुरू केली. येथे फिल्मने केवळ नोंद केली नाही. तिने गावाला स्वतःकडे पाहण्याची संधी दिली आणि पुढे काय करायचे, ते गावाने ठरवले. यास्तव माझी पहिली सूचना अशी की, जे चित्रित कराल ते प्रथम त्याच वाडीत, त्याच माणसांना दाखवा. शाळेच्या भिंतीवर पांढरा कपडा लावा आणि दाखवा. त्यावर जी चर्चा होईल, जे वाद होतील, तेही टिपून घ्या. एक आजी म्हणेल, "असं नाही, आमच्यात असं करत नाहीत." त्या एका वाक्यात अभ्यासकाच्या प्रकरणाइतकी माहिती असते.

कॅमेरा कोणाच्या हाती?

पूर्वी हा प्रश्न पैशाचा होता. फिल्मच्या रिळाला, प्रक्रियेला, संकलनाला जो खर्च येई तो संस्थांनाच परवडे. आज जवळजवळ प्रत्येक घरी मोबाइल आहे आणि त्यात कॅमेरा आहे. परंतु साधन हाती आल्याने दृष्टी आपोआप येत नाही. भंडारदऱ्याला काजवे पाहण्यास येणारा पर्यटक ज्या मोबाइलने चित्रण करतो, त्याच मोबाइलने आपली मुलेही करतात. आणि लवकरच तीही पर्यटकाच्याच नजरेने आपल्या गावाकडे पाहू लागतात. डोंगर, धबधबा, नाच आणि पाठीमागे चित्रपटातले गाणे एवढेच मग शिल्लक राहते. आजीच्या गाण्यावर बाहेरचे संगीत चढवले की ते ऐकण्यास गोड होईल, परंतु नोंद म्हणून निरुपयोगी होईल.

म्हणून कॅमेरा मुलांच्या हाती असावा आणि प्रश्न त्यांच्या घरातले असावेत, असे मला वाटते. आश्रमशाळेतील आठवी-नववीचे विद्यार्थी सुट्टीत घरी जातात. त्यांना गृहपाठ म्हणून एकच काम द्यावे : घरातील सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला एक काम करताना चित्रित करा आणि ते काम तुम्हांला शिकवायला सांगा. नातवाला शिकवताना आजोबा जे बोलतील, ते बाहेरून आलेल्या अधिकाऱ्याला मुलाखत देताना बोलणार नाहीत. अधिकाऱ्याला ते "हे आमचं जुनं आहे साहेब" एवढे सांगतील. नातवाला मात्र "अरे, असा नाही, तिरपा धर कोयता" असे सांगतील. जतन करावयाचे ज्ञान त्या 'तिरपा'मध्ये आहे.

कायद्याची भूमिकाही या बाबतीत स्पष्ट आहे. अनुसूचित क्षेत्रातील पंचायतींसंबंधीच्या १९९६ च्या केंद्रीय कायद्याने, ज्याला आपण पेसा म्हणतो, लोकांच्या परंपरा, चालीरीती आणि सांस्कृतिक ओळख यांचे रक्षण व जतन करण्यास ग्रामसभा सक्षम आहे, असे म्हटले आहे. अकोले तालुक्याचा आदिवासी भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. म्हणजे वारशाची चित्रनोंद करणे ही कोणा हौशी शिक्षकाची लुडबूड नव्हे. ते ग्रामसभेच्या अधिकारातील काम होय. त्याचप्रमाणे २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार लोक जैवविविधता नोंदवही करावयाची असते. बहुतेक ठिकाणी ती वनस्पतींच्या नावांची यादी होऊन बसते. प्रत्येक महत्त्वाच्या नावापुढे ते झाड ओळखणाऱ्या, वापरणाऱ्या माणसाचे पाच मिनिटांचे चित्रण जोडल्यास त्या नोंदवहीत प्राण येईल. वनहक्क दाव्यांच्या पुराव्यांमध्ये वडीलधाऱ्यांच्या लेखी जबाबांनाही स्थान आहे. चित्रफीत त्या लेखी जबाबाची जागा घेणार नाही. परंतु म्हाताऱ्या माणसाने शिवारात उभे राहून दाखवलेल्या जुन्या वाटा, पाणवठे आणि देवांची ठाणी एकदा चित्रित झाली, तर तो जबाब अचूक लिहिण्यास तिचे मोठे साह्य होईल.

काय चित्रित करू नये

मित्रहो, या विषयाची एक नाजूक बाजू आहे आणि ती टाळून मला पुढे जाता येणार नाही. सर्वच गोष्टी सर्वांसाठी नसतात. भगताचे काही मंत्र, काही विधी, काही औषधी मुळ्या यांविषयी समाजाचे आपले नियम असतात. काही गाणी ठराविक वेळीच म्हणायची असतात. मयताची गाणी केवळ कॅमेऱ्यासाठी अंगणात बसून म्हणा, असे एखाद्या बाईला सांगणे हा तिच्या दुःखाचा आणि श्रद्धेचा अवमान आहे. ती नाही म्हणाली, तर तो नकार नोंदवा आणि थांबा. औषधी वनस्पतींच्या माहितीत तर व्यापारी स्वार्थही असू शकतो. एकदा जगाच्या बाजारात गेलेली माहिती परत घेता येत नाही.

यास्तव प्रत्येक चित्रणापूर्वी संमती घ्यावी. आणि ती केवळ कागदावरच्या अंगठ्याची नसावी. ही फिल्म कोण पाहणार, कोठे ठेवणार, कोणी मागितली तर देणार की नाही, पुढे मन बदलले तर काय करणार, हे त्यांच्या बोलीत समजावून सांगावे आणि त्यांचे उत्तरही कॅमेऱ्यावर घ्यावे. नोंदींचे तीन वर्ग करणे सोयीचे पडेल : सर्वांसाठी खुल्या, फक्त गावासाठी, आणि फक्त त्या कुळासाठी किंवा घरासाठी. कोणती नोंद कोणत्या वर्गात, हे शिक्षकाने किंवा अधिकाऱ्याने ठरवू नये. ते सांगणाऱ्याने आणि ग्रामसभेने ठरवावे. फिल्म गावाची आहे, हे पहिल्या दिवशी ठरावात लिहून ठेवल्यास पुढचे पुष्कळ तंटे टळतील.

दुसरी गोष्ट, वारसा म्हणून जे जुने आहे ते सारे चांगलेच, असे समजून चालू नये. कोणाला जातीमुळे पंगतीबाहेर बसवणारी, किंवा एखाद्या निराधार बाईला चेटकीण ठरवणारी समजूत जुनी आहे म्हणून ती गौरवाने दाखवण्याचे कारण नाही. अशा गोष्टींवर गावातील माणसेच काय बोलतात, त्यांच्यात कोणते मतभेद आहेत, हे प्रामाणिकपणे नोंदवणे हेही जतनच होय.

कामाची पद्धत

आता प्रत्यक्ष कामाविषयी थोडे सांगतो. चित्रापेक्षा आवाजाची काळजी अधिक घ्यावी. चित्र थोडे अंधूक असले तरी चालते. परंतु घाटमाथ्यावरच्या वाऱ्याने शब्द खाल्ले, तर नोंदीचा उपयोग राहत नाही. म्हणून बोलणाऱ्याच्या कपड्याला लावायचा लहान माइक घ्यावा आणि शक्यतो घराच्या आडोशाला, पंखा आणि दूरचित्रवाणी संच बंद करून चित्रण करावे. मोबाइल आडवा धरावा आणि स्थिर ठेवावा. स्टँड नसेल तर तो धान्याच्या पोत्यावर टेकवावा. काम चालू असताना हातांचे चित्रण जवळून करावे. मध्ये कापाकापी करू नये. इरले विणण्यास दोन तास लागत असतील, तर दोन तास चित्रण करावे. वीस मिनिटांची सुटसुटीत फिल्म नंतर त्यातून करता येते, परंतु वीस मिनिटांतून दोन तास कधीही परत मिळवता येत नाहीत.

प्रत्येक चित्रणाच्या आरंभी चित्रण करणाऱ्याने स्वतःच्या आवाजात तारीख, गाव, वाडी, सांगणाऱ्याचे नाव आणि विषय सांगावा. हीच माहिती एका वहीत लिहावी. बोलणे जसे आहे तसे, त्याच बोलीत उतरवून घ्यावे. त्याची 'शुद्ध' मराठी करू नये. प्रमाण मराठीतील अर्थ खाली वेगळा द्यावा. आपली बोली छापील अक्षरांत पाहिल्यावर मुलांच्या चेहऱ्यावर जो आत्मविश्वास दिसतो, तो शिक्षक बांधवांना वेगळा सांगावयास नको. मराठी, भूगोल, विज्ञान आणि कार्यानुभव या विषयांना या कामाची सांगड सहज घालता येईल.

वर्षाचे एक साधे वेळापत्रकही आखता येईल. वैशाखात राब भाजणी आणि जेथे बोहाडा होतो तेथे तो, मृगापासून पेरणी आणि आवणी, भाद्रपद-आश्विनात बी राखण्याची निवड, नवरात्रात कळसूबाईची यात्रा, वाघबारस, मग कापणी, मळणी, आणि हिवाळ्यात डांगी जनावरांची पारख. एका गावाने एका वर्षात बारा नोंदी केल्या, तरी त्या गावाचे एक वर्ष कायमचे राखले जाईल.

जतनाचे जतन

शेवटचा मुद्दा सर्वांत रुक्ष आहे आणि सर्वांत महत्त्वाचाही आहे. फिल्म केली म्हणजे जतन झाले, असे नव्हे. ज्या 'राजा हरिश्चंद्र'चा मी आरंभी उल्लेख केला, तो संपूर्ण स्वरूपात आज उपलब्ध नाही. १९३१ चा पहिला बोलपट 'आलम आरा' तर हाती राहिलाच नाही. पुणे येथे १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, त्यापूर्वीच कितीतरी फिल्म नष्ट झाल्या होत्या. आणि २००३ च्या जानेवारीत जुन्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला लागलेल्या आगीत आणखी कित्येक गेल्या. मोठ्या संस्थांची ही कथा; मग आपल्या मोबाइलची काय कथा?

माझी स्वतःची एक चूक सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी मी हौसेने एका वाडीवर जाऊन लग्नातली गाणी कॅसेटवर मुद्रित केली होती. अलीकडे ती कॅसेट सापडली. तिच्यावर माझ्याच अक्षरात 'आजी – हळदीची गाणी' एवढेच लिहिलेले होते. आजी कोण, वाडी कोणती, साल कोणते, काही नाही. फितीला बुरशी धरली होती. थोडा भाग वाजला. त्यात एक गोड, थकलेला आवाज होता आणि मध्येच कोणी लहान मूल हसत होते. ते मूल आज मोठे होऊन कोठेतरी असेल आणि हा आवाज त्याच्या आजीचा आहे, हे मी त्याला सांगू शकत नाही. एक ओळ जास्त लिहिली असती, तर सांगू शकलो असतो.

म्हणून प्रत्येक नोंदीच्या किमान तीन प्रती असाव्यात : एक शाळेत किंवा ग्रामपंचायतीत, एक तालुक्याच्या ठिकाणी, आणि एक जिल्ह्याबाहेर एखाद्या जबाबदार संस्थेकडे. हार्डडिस्कला आयुष्य असते. दर तीन-चार वर्षांनी प्रती नव्या साधनावर उतरवाव्यात आणि ही जबाबदारी एका व्यक्तीवर न सोपवता पदावर सोपवावी, कारण शिक्षकांच्या आणि ग्रामसेवकांच्या बदल्या होतात, हे आपण जाणतो. नोंदवही दफ्तरात असावी आणि कार्यभार देताना-घेताना तिचीही मोजणी व्हावी. यूनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या २००३ च्या करारास भारताने २००५ साली मान्यता दिली. त्या मोठ्या कराराचे खेड्यातील रूप म्हणजे कुलूप असलेले एक कपाट, एक वही आणि ती सांभाळणारा एक माणूस, एवढेच आहे.

परंतु कपाटात ठेवलेले बी उगवत नाही, हे राहीबाईंनी आपणांस शिकवले आहे. त्या बी साठवतात ते पुढच्या हंगामी पेरण्यासाठी. चित्रफितींचेही तसेच आहे. वर्षातून दोनदा तरी त्या गावात दाखवल्या जाव्यात. शाळेत एखादा तास त्यांना मिळावा. आणि इरले विणण्याची फिल्म पाहून एखाद्या मुलाने खरोखरच इरले विणायला घेतले, तर ते काम सफल झाले असे मानावे. ते मूल पुढे विणकर होईल की अभियंता, हा प्रश्न निराळा. त्याच्या हाताला एकदा ती गाठ कळली पाहिजे.

या सभेतून परत जाताना आपणांस फार मोठा संकल्प करण्याची गरज नाही. आपल्या गावातील वयाने सर्वांत मोठी अशी पाच माणसे कोण, त्यांची नावे आजच लिहून काढा. प्रत्येकाच्या नावापुढे त्यांना येणारी आणि दुसऱ्या कोणाला न येणारी एक गोष्ट लिहा. पुढच्या ग्रामसभेपुढे ती यादी ठेवा आणि पावसाळ्यापूर्वी पहिल्या नावाकडे जा. जाताना नातवाला बरोबर न्या, आणि कॅमेरा त्याच्याच हाती द्या.